प्राणवायूची शर्त

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
९ ऑगस्ट २०२५

राजू,

जयभीम. पत्राच्या सुरुवातीला अनेक आशीर्वाद लिहायची रीत मी दरवर्षी नववीच्या वर्गाला शिकवते. पण आई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला तू भरलेलं ताट तसंच ठेवून विमानतळ गाठलास, तेव्हापासून माझ्याकडचा आशीर्वादांचा साठा आटला आहे. एक उरला होता, तो मोनिकाला दिला. तिची सर्दी बरी झाली.

तुझी ईमेल वाचली. उत्तर कागदावर देते आहे, कारण फोनवर तू ‘अक्का, एक मिनिट’ म्हणतोस आणि ते मिनिट मार्चपासून संपलेलं नाही. कागदावर मला मध्येच कुणी थांबवत नाही. शिवाय पाकिटावर शहराचं जुनं नाव लिही की नवं, आमचा पोस्टमन पिनकोडवर विश्वास ठेवणारा माणूस आहे.

आता तुझं म्हणणं मी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ हे प्रकरण नको. तुझ्या मते आपली धाकटी बहीण मोनिका चाळिशीला आली तरी बुद्धीनं लहान मुलीएवढी आहे आणि यापुढं तशी राहायची गरज नाही. बंगळुरूला, तुझ्या घरापासून तासाभरावर, अशा मोठ्या माणसांसाठी एक निवासी केंद्र आहे. तिथं सकाळ-संध्याकाळ मास्क लावून जादा ऑक्सिजन देतात आणि तो चालू असताना चित्रं ओळखणं, बेरजा असे सराव करून घेतात. त्यानं डोकं तरतरीत होतं. आईच्या पश्चात मोनिकाचे पालक आपण दोघं, त्यामुळं तिला तिथं ठेवायचं तर कागदांवर दोघांच्या सह्या लागतात. तुझी झाली आहे. माझी जिथं हवी तिथं तू पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून पाठवल्या आहेस. आभारी आहे. मला ओळ सापडली नसती.

तू अशीच ऑक्सिजनची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत आहेस म्हणून सांगते. आम्हा संस्कृतवाल्यांच्या शास्त्रात प्राण एकटा नसतो. प्राण, अपान, व्यान, उदान, समान असे पाच वायू. तुमची कंपनी त्यातला एकच विकते. अपानाला गिऱ्हाईक का नाही, हे मी समजू शकते.

तर मुद्दा. इथल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. प्रेरणा नावाची मुलगी नेमका हाच अभ्यास करते आहे, हे तुला माझ्याआधी कळलं. मोनिका पाकिटं बनवायला जाते त्या मुकुंदवाडीच्या कार्यशाळेच्या केसरबाई मॅडमना फोन करून तू तिचं नावही देऊन टाकलंस. मला विचारलं नाहीस, एक वेळ चालेल. तिलाही विचारलं नाहीस. नशीब, ती डॉक्टर तुझ्यापेक्षा रीतभात जाणणारी निघाली. ती कार्यशाळेत आली, खुर्ची ओढून मोनिकासमोर बसली आणि तिला विचारू लागली. आपल्या बाईसाहेबांनी हातातलं पाकीट खाली न ठेवताच उलटतपासणी घेतली.

“चित्रं हायत का त्यात?”

चित्रं आहेत म्हणाली.

“आवडा येनार का?”

आवडा म्हणजे तिच्या शेजारी बसून काम करणारी, सिल्लोडच्या कापूसवाल्यांची बहीण. डॉक्टर म्हणाली, त्यांनाही विचारते. आवडा हो म्हणाली आणि मगच मोनिका हो म्हणाली.

आता तुझी अट. ऑक्सिजननं तिला फरक पडला तर मी सही करायची. नाही पडला तर तू हा विषय जन्मात काढायचा नाहीस. राजू, मला मान्य आहे. ती पाळण्यात असताना तू तिच्याकडं बघून रडायचास तेव्हापासून मी तिला ओळखते. शर्त लागली.

तुझी,
अक्का

२८ ऑगस्ट २०२५

राजू,

जयभीम आणि सांत्वन.

काल चाचणी झाली. कशी झाली ते नीट सांगते, कारण हरलेल्या माणसाला तपशील हवे असतात. एका खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी, समोर दोन संगणकाचे पडदे. एका खुर्चीत मोनिका, एकीत आवडा. दोघींच्या तोंडावर पारदर्शक मास्क, बोटाला चिमटा. पडद्यावर दोन चित्रं येतात. सारखी असली तर हिरवं बटण, नसली तर लाल. दोन फेऱ्या. एका फेरीत मास्कमधून साधी हवा, दुसरीत ऑक्सिजन जास्त. हवेची नळकांडी कापडी आडोशामागं ठेवलेली, त्यामुळं कुठल्या फेरीत काय चालू आहे ते या दोघींनाही माहीत नाही, बटणं मोजणाऱ्या मुलीलाही नाही. मी पाठीमागच्या बाकावर. तोंड बंद ठेवायच्या अटीवर मला आत घेतलं होतं. ही अट मला घालणारी प्रेरणा पहिली नव्हे, पण ती पाळली गेली अशी पहिलीच.

मोनिकानं निळा ड्रेस घातला होता. वेणी मी घालून दिली. मास्क लावल्यावर ती माझ्याकडं वळून म्हणाली, “अक्का, नाकात कूलर लावलाय.” पट्ट्यानं कान दुखतो अशी तक्रार दोनदा केली. बाकी मजेत होती.

निकाल: फरक नाही. साध्या हवेला जेवढं, ऑक्सिजनला तेवढंच. उत्तरं बरीचशी बरोबर, पण दोन्ही फेऱ्यांत वेळ भरपूर घेतला. बोट बटणावर आणि बटण काही दबेना. कागदावर प्रेरणानं ‘अतिशय मंद प्रतिसाद’ असा शेरा मारला आहे. तो तू मनाला लावून घेऊ नकोस. शेरे मीही मारते. पुढच्या वर्षी ती मुलं मला बाजारात भेटतात आणि हिशोबात मला फसवतात.

तर महाशय, विषय संपला. बंगळुरूची हवा बंगळुरूला ठेवा. पिवळ्या चिठ्ठ्या मी काढून घेतल्या आहेत, वर्गात उपयोगी पडतील.

शाळेत परवा एका पालकानं माझं आडनाव विचारलं आणि मग पुन्हा विचारलं, “संस्कृत तुम्हीच शिकवता, साळवे मॅडम?” मी म्हटलं, पंचवीस वर्षं झाली, पण अजून त्या भाषेनं तक्रार केलेली नाही. बाबा असते तर खूश झाले असते. एसटीच्या वर्कशॉपमधून हात धुऊन आले की ते मला पुस्तक आणून द्यायचे आणि म्हणायचे, नको म्हणतात ना, मग तेच शीक. तुला इंजिनिअर केलं, मला हे. मोनिकाला मात्र ते काहीच म्हणाले नाहीत. शेजारी बसवून तिला शेंगा सोलून द्यायचे.

हे कशाला लिहिलं कोण जाणे. जिंकलेली माणसं पाल्हाळ लावतात.

तुझी,
अक्का

१४ सप्टेंबर २०२५

राजू,

मागच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नव्हतं. जेवढं लिहिलं तेवढं खरं होतं. हीच सबब माझ्या वर्गातली मुलं गृहपाठाबद्दल सांगतात आणि मी त्यांना उभं करते. तर आता मी उभी आहे, ऐक.

कार्यशाळेत औषधाच्या दुकानांसाठी कागदी पाकिटं बनतात. एका बाकावर दोघं. फार पूर्वी तिथल्या दोन बाप्यांची, माझी जास्त झाली की तुझी, यावरून खळ लावायच्या ब्रशनी मारामारी झाली. दोघांच्याही मिशा चिकटल्या. तेव्हापासून केसरबाईंनी नियम केला: पाकीट झालं तरी लगेच टोपल्यात टाकायचं नाही. शेजाऱ्याचं व्हायची वाट बघायची आणि जोडीनं टाकायचं. कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही. मोनिका इतकी वर्षं अशीच काम करते आहे. तिच्या लेखी काम करायची दुसरी पद्धत जगात नाहीच.

त्या दिवशी मी मागून बघत होते. चित्र आलं की मोनिकाचं बोट पटकन बरोबर बटणावर जायचं आणि तिथंच थांबायचं. मग ती मान वळवून आवडाकडं बघायची. आवडा चित्रातल्या मांजराशी बोलत बसलेली. तिचं बोट उठलं की मग मोनिका दाबायची, दोघींचा एकदम आवाज. फेरी हवेची असो की ऑक्सिजनची, मोजला जात होता तो आवडाचा वेग.

हे मला पहिल्या पाच चित्रांत कळलं. प्रेरणाला कळलं नाही, तिनं कार्यशाळेत काम होताना कधी पाहिलं नव्हतं. मी गप्प बसले. मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं ना. इतकी आज्ञाधारक मी आयुष्यात कधी नव्हते.

माझी गंमत टिकली ती कार्यशाळेत कागद येईपर्यंत. सगळ्यांच्या निकालाच्या प्रती आल्या. मी मोनिकाला घ्यायला गेले होते. केसरबाई वाचत होत्या आणि मोनिका त्यांच्या खुर्चीमागं उभी.

“मॅडम, माझं काय लिवलंय?”

“छान लिवलंय बाई.”

“म्हंजी कसं छान?”

केसरबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं. मोनिका म्हणाली, “नाय सांगत म्हंजी वंगाळ हाय.” आणि जाऊन पाकिटं चिकटवायला लागली.

राजू, तिला मंद म्हणणारे मी पुष्कळ पाहिले. शाळेचे, दवाखान्याचे, लग्नाच्या मांडवातले. त्यातल्या एकालाही मी सोडलेलं नाही. आणि या वेळी ज्या कागदावर ते लिहिलं होतं तो मला सोयीचा होता म्हणून मी तो घडी करून पर्समध्ये घालणार होते. तुझ्याशी लावलेली शर्त जिंकायला तिच्या नावावर तो शेरा राहू द्यायचा. नाही जमलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा घेऊन प्रेरणाकडं गेले. नियम सांगितला, मिशांची गोष्टही सांगितली. ती हसली नाही. डोक्याला हात लावून बसली. म्हणाली, “मॅडम, घाबरू नयेत म्हणून खुर्च्या मीच जवळ ठेवल्या होत्या.” मग म्हणाली, दोघींना पुन्हा बोलावते, वेगवेगळं.

बुधवारी पुन्हा चाचणी झाली. मोनिकानं एकटीनं बसायला साफ नकार दिला. शेवटी तह झाला: दार उघडं ठेवायचं आणि आवडानं दाराबाहेर तिला दिसेल असं बसायचं, पण समोर बटण नाही. मग बसली.

निकाल असा. साध्या हवेच्या फेरीतसुद्धा ती पहिल्यापेक्षा पुष्कळ चपळ निघाली. तो शेरा प्रेरणानं माझ्यासमोर खोडला. आणि ऑक्सिजनच्या फेरीत ती त्याहून सरस ठरली. चुका कमी, बोट जलद. मास्क काढून, चहा पिऊन तासाभरानं पुन्हा पाहिलं तर पहिल्यासारखं. आवडाला दोन्ही फेऱ्यांत काहीच फरक नाही. ती म्हणे, “मला वाराच लागला नाय.” मी प्रेरणाला खोदून विचारलं, रोज दिला तर? कायमचा फरक पडेल? ती म्हणाली, ते मी तपासलेलं नाही, मला माहीत नाही. मोनिकाच्या जन्मापासून मी डॉक्टर पाहते आहे. ‘माहीत नाही’ म्हणणारी ही पहिली.

मोनिकाला विचारलं कसं वाटलं. “काय नाय. वारा होता. बटन लवकर दाबलं गेलं.” आणि थोड्या वेळानं, रिक्षात, स्वतःशीच: “लई लवकर.” आवाजात ऐट होती. मी ती तुझ्यापासून लपवत नाही.

तर शर्त मी हरले. फरक पडतो. तू म्हणत होतास ते त्या खोलीत, त्या वेळेपुरतं तरी, खरं निघालं. अभिनंदन.

आणि सही मी करत नाही. शब्द फिरवते आहे, उघड उघड. शर्त मी हरले, मोनिका हरलेली नाही. तिनं शर्त लावलीच नव्हती. आपण दोघांनी मिळून तिला पणाला लावलं, आणि त्याबद्दल मला तुझ्याइतकंच लाजायला हवं. मी सुरुवात केली आहे.

अक्का

५ ऑक्टोबर २०२५

राजू,

जयभीम.

तुझी ईमेल दोनच ओळींची आली. पहिलीत ‘शब्द देऊन मोडणाऱ्या लोकांत तू बसशील असं वाटलं नव्हतं.’ दुसरीत ‘तुला घरात सोबत हवी म्हणून तू तिला आहे तशीच ठेवते आहेस.’

पहिली मान्य. शब्द मी मोडला.

दुसरी मी शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचली, घरी येऊन पुन्हा वाचली. भाजी करपली. खरं सांगू? सोबत हवी आहे. संध्याकाळी कुलूप काढून आत आल्यावर ‘अक्का, आज काय झालं सांगू का’ असं म्हणणारं माणूस मला हवं आहे. कुणाला नको असतं? पण मोनिका काही माझ्यासाठी बसवून ठेवलेली नाही. ती सकाळी माझ्याआधी तयार होते, डबा माझ्याआधी भरते आणि मला म्हणते, चल, तुझ्यामुळं उशीर व्हायलाय. सोबत ती मला देते. मी तिला ठेवते असं दिसतं, ते तू लांबून बघतोस म्हणून.

आता एक गोष्ट. आपण ती कधी बोललो नाही, आई असताना बोलायची सोय नव्हती. मोनिका जन्मली त्या दिवशी बाबा ड्यूटीवर होते. मी आईपाशी आणि तुला नर्सबाईंना आणायला पिटाळलेलं. मुकुंदवाडीचं रेल्वे फाटक पडलं होतं, मालगाडी उभी होती. तू नर्सबाईंना घेऊन आलास तेव्हा पोर निळी पडली होती आणि रडत नव्हती. नर्सबाईंनी तिला उलटं धरून पाठीवर मारलं तेव्हा कुठं तिनं श्वास घेतला. पुढं डॉक्टर म्हणाले, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला. ते तू दाराआडून ऐकलंस. मी तुला ऐकताना पाहिलं.

तू नऊ वर्षांचा होतास, राजू. मालगाडी तू उभी केली नव्हतीस. त्यानंतर तू ऑक्सिजनची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत गेलास. सगळे म्हणाले, पगार चांगला. पण त्या दिवशी जी हवा तिला मिळाली नाही, ती तू आता मास्कमधून परत करायला निघाला आहेस, हे मला त्या पिवळ्या चिठ्ठ्यांवरूनही वाचता येतं. ते देणं तुझं नाहीच. आणि असलं तरी ते फेडायला तिला घराबाहेर काढू नकोस.

मी ऑक्सिजनच्या विरोधात नाही, कंपनीला कळव. उद्या प्रेरणा म्हणाली की याचा खरंच टिकाऊ उपयोग आहे, आणि मोनिका म्हणाली की मला हवंय, तर यंत्र इथं येईल, पुंडलिकनगरात, टीव्हीशेजारी. कान दुखणार नाही असा पट्टा तुमच्या इंजिनिअरांनी आधी शोधावा. ती हुशार झाली तर मला आनंद आहे. पण मुक्काम हलवायची लायकी सिद्ध करायला म्हणून नाही, आणि इथं राहायचं भाडं म्हणूनही नाही. तिनं एकही चित्र कधी ओळखलं नसतं तरी हे घर तिचंच राहिलं असतं.

हे सगळं माझं झालं. तिचं राहिलं होतं. आपण तिच्याबद्दल मार्चपासून भांडतो आहोत आणि तिला विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, हे लिहिताना पेन अडखळलं.

गुरुवारी दसरा होता. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची मिठाई खायला कार्यशाळेची मंडळी घरी येऊन गेली, आवडा उशिरापर्यंत थांबली. तिच्यासमोरच मी मोनिकाला सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. मास्क लावला की तुझं बोट जलद चालतं, हे खरं आहे. बंगळुरूला रोज मास्क मिळेल. राजूदादा तिथं आहे, त्याला तू हवी आहेस, मनापासून हवी आहेस. आवडा तिथं नाही. मी नाही. मी शक्य तितक्या सपाट आवाजात सांगत होते. तिनं प्रश्न विचारले.

“तिथं आपल्यासारखं बोलत्यात का?”

नाही म्हटलं, वेगळी भाषा आहे.

“दादा रोज येईल?”

रविवारी येईल म्हटलं.

“मंग बाकीच्या दिशी कोन?”

याचं उत्तर तू पाठवलेल्या केंद्राच्या माहितीपुस्तिकेत मी शोधलं. ‘प्रशिक्षित कर्मचारी’ असं आहे. ते मी तिला वाचून दाखवलं. आवडा म्हणाली, “कोन हायत ते?” कुणालाच ठाऊक नव्हतं.

मोनिकानं उठून उरलेली मिठाई आवडाला बांधून दिली. शुक्रवारही गेला. काल सकाळी मी फुलझाडांना पाणी घालत होते तर मागं येऊन उभी राहिली.

“अक्का, लिव. नाय.”

मी म्हटलं, लिहिते, पण दादाला कारण काय लिहू?

“कारन कशाला? तू नाय म्हनती तवा कारन सांगती का?”

मी थोडा विचार केला. सांगत नाही.

सोबत तुझे कागद परत पाठवते आहे. शेवटचं पान बघ. त्यावर पहिल्या पालकाची जागा आहे, दुसऱ्या पालकाची आहे, डॉक्टरची, साक्षीदाराची, संस्थेच्या शिक्क्याची आहे. जिला जायचं तिच्या सहीला जागा नाही. म्हणून तळाला पट्टीनं मी एक रेघ ओढली. त्या रेघेवर ‘नाय’ हा शब्द तिनं स्वतः लिहिला आहे. मी ‘नाही’ गिरवायला दिलं होतं, तिनं ते ऐकलं नाही. पुढं नाव: मोनिका सखाराम साळवे. ‘साळवे’ ओळीखाली घसरलं आहे, पण वाचता येतं.

मीही सही केली आहे, तुला हवी होती ना. फक्त पालकाच्या जागी नाही. साक्षीदाराच्या.

रत्नमाला